एका तांब्यातली भागी

तर झालं काय, त्या वेटरनं माझ्या बापाला समुद्रात बुडवला आणि वर 'एन्जॉय मॅम' म्हणून निघून गेला. हसू नका रे. मेहुल, तू तर अजिबात हसू नकोस, तू बाबाच्या खाटेशी बसलेला होतास हॉस्पिटलात, तुला माहितीये तो कसा गेला. वॉर्डातला टीव्ही चालू होता, कुणीतरी बाई भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगत होती, बाबा म्हणाला 'जरा आवाज कमी करा', आणि आवाज कमी करेपर्यंत गेला. सगळं आयुष्य समुद्रावर काढलं त्या माणसानं आणि पाणी लागलं ते फक्त सलाईनचं. आणि हा समोरचा माणूस, काळा अ‍ॅप्रन, गळ्यात कसलंसं कार्ड, ट्रे काखेत धरून सगळ्या टेबलाला सांगतोय की पापा समंदर में गए और वापस नहीं आए. आणि टेबल चुकचुकतंय. आणि मीपण, म्हणजे माझी मान, ती आपोआप हलतेय, दुसऱ्याच्या दुःखाला हलवतात तशी.

थांबा, नीट सांगते, दिशा म्हणते मी मधूनच सुरू करते. आमच्या लॅबचे सर गुजरातेत दहेजला चाललेत, मोठी पोस्ट मिळाली, म्हणून सगळ्यांना पार्टी. बोईसरात नको म्हणाले, बोईसरात बसलं की शेजारच्या टेबलावर आपल्याच कंपनीचा कॉन्ट्रॅक्टर निघतो. म्हणून पालघरला, ती नवी जागा झालीय ना, स्वतःची बिअर स्वतः बनवतात, काचेच्या पलीकडे स्टीलच्या टाक्या उभ्या असतात, तिथे. ज्ञानू तिथेच कामाला आहे. ज्ञानेश्वरी, माझी ज्ञानू. तुम्ही सगळे ओळखता तिला. ती नव्हती त्या दिवशी, सुट्टी होती तिची, आणि मला उलट वाईट वाटलं की आपण पहिल्यांदा येतोय आणि ही नाही. कारण इतके दिवस मी म्हणायचे येते गं बघायला, तर ती म्हणायची, कशाला इकडे, उगाच महाग आहे, मी आणते ना बाटल्या घरी, ओट्यावर बसून पिण्यात मजा आहे. मला ते किती गोड वाटायचं. आता बघा, तेच वाक्य घ्या आणि उलटं करून बघा, आतून कसं दिसतं. मी तेव्हापासून हेच करतेय. तिची जुनी वाक्यं काढते, उलटी करते, शिवण बघते.

वेटर आला, म्हणाला, "मॅम, भागी ट्राय कीजिए, सबसे ज्यादा वही चलता है."

मी म्हटलं, "क्या बोला?"

"भागी, मॅम. दो बिअर का मिक्स. स्टोरी है उसकी, बताऊँ?"

सर म्हणाले, "बताओ बताओ, आज अपना ही दिन है."

आणि त्यानं सांगितली. पाठ होती त्याला. हमारी जो ब्रुअर मॅडम हैं ना, उनके पापा मछुआरे थे, इधरीच, तारापूर साइड. पापा और उनके दोस्त ने साथ में नाव ली. तो उन लोगों में रिवाज है, दोनों अपने-अपने घर से दारू लाएंगे, एक ही लोटे में डालेंगे और उसी में से पिएंगे. मिल गया तो मिल गया, अब अलग कैसे करोगे? इथं तो थांबला, जरा हसला, म्हणजे तिथं थांबायचं असं त्याला शिकवलेलं. फिर एक दिन पापा समंदर में गए. आणि इथं त्यानं ग्लास ठेवला. अगदी ह्याच शब्दाला, ग्लासाचं बूड टेबलाला टेकलं, टक्. वापस नहीं आए. एन्जॉय मॅम.

मला आधी राग आला नाही, खरंच सांगते. आधी मला वाटलं, अरे, अशी अजून कुणीतरी आहे. माझ्यासारखीच अजून एक मुलगी, तिच्याही बापाची होडी, तिच्याकडेही तांब्या. पाहिलं की मी इकडेतिकडे, कुठंय ही. इतकी बावळट मी. भिंतीवर एक मोठा होडीचा फोटो लावलेला, कुठल्या तरी भलत्याच किनाऱ्यावरची होडी, आमच्याकडे असल्या होडीत कुणी पाय ठेवणार नाही. आणि मग ते 'भागी' आत उतरलं. हे नाव त्या मिश्रणाला मी दिलेलं. ते पृथ्वीवर फक्त दोन माणसांना माहीत होतं आणि त्यातली एक मी होते.

मग मी प्यायले. सगळे म्हणाले घे घे तू आधी, तू तिकडचीच ना, तारापूर साइडची. प्यायले, आणि, कसं सांगू, बरोबर होतं रे. तेच सगळ्यात वाईट. चुकीचं असतं तर मी म्हटलं असतं, नक्कल आहे, सोड. पण कोकमाचा तो खारा आंबटपणा आधी जिभेच्या कडांना लागला, मग त्याच्यावरून ती काळी बिअर, भाजलेली, कडवट, हळूच, घाई न करता, आणि दोन्ही घशापाशी भेटल्यावर चिंच उन्हात ठेवल्यावर येतो तसला वास नाकातून परत आला. न ढवळलेली. काळी कमी, वरून, ग्लासाच्या कडेनं सोडलेली. आमच्या दोघींच्या हातांचं माप. माझं नाक तर तुम्हाला माहितीये, दिवसभर लॅबमध्ये उग्र वास घेऊन घेऊन घरी आईच्या पदराचा वास वेगळा काढते मी. मला माझा ओटा आला त्या ग्लासातून. वाळत टाकलेले बोंबील आले. सर म्हणाले, काय इमोशनल आहे ना एकदम, आणि मी म्हटलं, हो ना सर, मस्त आहे.

आता रीत काय ती सांगते, कारण दिशा, तुझ्या आजोळी असेल नसेल, आमच्या आळीत होती. दोघांनी मिळून होडी घ्यायची, भागी करायची, तर कागद कोण करतो. दोघांनी आपापल्या घरची आणायची. बाबाची माडी, आमच्या परसातल्या माडाची. रामाकाकाची, म्हणजे बाबाच्या भागीदाराची, सासुरवाडी बेटेगावची, तिकडून तो ताडी आणायचा. ताडीची चव वेगळी, माडीची वेगळी, शहाणा माणूस दोन्ही एकत्र करत नाही, डोकं धरतं म्हणतात. आणि म्हणूनच करायची. पितळी तांब्यात, होडीत बसून, होडी वाळूवर असताना. मी बघितलंय ते, नव्या होडीच्या वेळी, मी काठाला धरून उभी होते, हनुवटी लाकडावर टेकून, आणि लाकडाला अजून तेलाचा वास होता. बाबानं आधी ओतली, मग रामाकाकानं. मी नंतर विचारलं बाबाला, तू का रं आधी? तर म्हणाला, "ज्याच्याकडं गमवाला जास्त हाय त्यानं आधी ओताची." मग म्हटलं, तुझ्याकडं काय जास्त हाय? तर माझ्याकडे बघून नुसता हसला. रामाकाकाला तेव्हा मूल नव्हतं. मला ते कळायला पुढची कितीतरी वर्षं लागली आणि कळलं तेव्हा मी बोईसर स्टेशनच्या बाहेर वडापाव खात उभी होते आणि तिथेच रडले.

हे मी ज्ञानूला सांगितलं होतं. हनुवटीसकट. तेलाच्या वासासकट.

ज्ञानू मला कॉलेजात मिळाली, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, एका टेबलावर. टाउनशिपची मुलगी, इस्त्रीचा अ‍ॅप्रन, डब्यात भाकरी आणि ठेचा, आणि मी सुकटीची चटणी काढली तर सगळं टेबल सरकलं आणि ही जवळ सरकली. "मला दे ना थोडी," म्हणाली. आमची मैत्री ही एवढ्या चार शब्दांवर सुरू झाली, आणि आता वाटतं, ती पहिल्यापासून हेच म्हणत होती का, मला दे ना थोडी? नाही, हे वाईट आहे, असं नाही म्हणायचं. उषाकाकूंनी, तिच्या आईनं, मला किती वेळा जेवायला घातलंय. झुंबरकाका, तिचे वडील, बीडकडचे, प्लांटमध्ये शिफ्टला जाणारे, शांत माणूस. त्यांना समुद्राची इतकी भीती की आमच्या किनाऱ्यावर आले तर बूट न काढता कोरड्या वाळूत उभे राहायचे आणि लाट जवळ आली की दोन पावलं मागे. म्हणायचे, "आमच्याकडं पाणी हंड्यात असतं बाई, असं मोकळं सोडत नाहीत." बाबा काय हसायचा. त्यांना हाताला धरून पाण्यात न्यायचा प्रयत्न करायचा, आणि झुंबरकाका आपले, "जानूभाऊ, नको, माझी ड्युटी आहे." त्या माणसाला हिनं होडीत बसवलं. पालघरात बसून, एसीत, लोकांसमोर, आपल्या जिवंत बापाला हिनं होडीत बसवलं आणि माझा मेलेला बाप पाण्यात ढकलला. दोघांची सरमिसळ करून एकच बाप केला. न ढवळता.

पुण्याला जाऊन ती बिअर बनवायचं शिकून आली, परत येऊन पालघरला लागली, आणि दर रविवारी दुपारी बाटल्या घेऊन आमच्याकडे. बाबा गेल्यावर आमच्या घरी कुणी येईना. म्हणजे यायचे, पण पाण्याचा ग्लास घेऊन जपून बसायचे. ही यायची ती सरळ ओट्यावर मांडी घालून. एक दिवस दोन आणल्या. म्हणाली, दोन्ही फसल्यात, कोकमाची खारट झालीय आणि काळी जळकी लागते, मालक ओतून द्या म्हणतोय. मी चाखल्या. खरंच एकटी-एकटी दोन्ही तोंडात धरवत नव्हत्या. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठले, आत गेले, फळीवरचा पितळी तांब्या काढला. बाबाचा. आई बोंबील उलटत होती, ती बघत राहिली. मी ज्ञानूला सगळं सांगितलं, होडी, माडी, ताडी, हनुवटी. ती विचारते, "मग आधी कोण ओतणार?" मी म्हटलं, ज्याच्याकडे गमवायला जास्त. आणि मी आधी ओतली. कोकमाची. पूर्ण. मग तिनं काळी, कडेनं, हळू, आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं, खरं पाणी, ते काही मी कल्पनेनं घालत नाहीये. प्यायलो तांब्यातूनच, आळीपाळीनं. आणि दोन फसलेल्या बिअर, काय सांगू, एकमेकींना सावरून घेतात तशा. ज्ञानू म्हणाली, "हे आपलं. आपण आपली छोटीशी जागा काढू ना कधीतरी, तेव्हाच हे बाहेर काढायचं, तोवर कुणाला नाही. शप्पथ." मी म्हटलं, नाव भागी. ती म्हणाली, भागी. त्या दिवशी ओट्यावर ऊन असं तिरकं आलेलं आणि मला वाटलं बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला पोटात भूक लागलीये.

पालघरहून मी परत कशी आले ते मला नीट आठवत नाही. रिक्षात होते, शेअरच्या, मधल्या सीटवर, एका बाजूला आमच्या आळीतली मंगळीमावशी मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन. ती म्हणाली, "काय गो रुचिता, तोंड कसला केलंस?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. ती म्हणाली, "कंपनीचा वास घेतंस ना दिवसभर, दुखल नाय तं काय." आणि एमआयडीसी आली, तो वास आला, आणि मला तो बरा वाटला, कारण त्यात कुणाची स्टोरी नव्हती. मी तिच्या बाजूनं वकिली करत होते सगळा रस्ता. मालकानं जबरदस्ती केली असेल. नोकरी जात असेल. वेटरनं मीठमसाला लावला असेल. तिला सांगायचं असेल आणि धीर होत नसेल. एकेक कारण मी घ्यायचे, चाखायचे, आणि प्रत्येकाच्या मागून तीच चव परत यायची. उनके पापा. उनके. आणि घरी येऊन डोळे मिटले, म्हटलं बाबाला जरा बघू, होडीतला, तांब्या धरलेला. तर दिसतो कोण? वेटरचा हात. टक्. मी परत प्रयत्न केला, परत हात. मला इतकी भीती वाटली म्हणून सांगू. कारण बाबाचा तेवढाच एक तुकडा माझ्याकडे चांगला होता, बाकी सगळा हॉस्पिटलातला होता.

आता एक गोष्ट, जी मी ज्ञानूला कधी सांगितली नव्हती. रीतीचा दुसरा अर्धा. सांगावासा वाटला नाही, जुळवायच्या दिवशी मोडायचं कोण बोलतं. रामाकाकानं पुढे गुपचूप दुसऱ्या एका मोठ्या बोटीवाल्याशी बोलणी केली. बाबाला ते घरात नाही कळलं, बाजारात कळलं, दुसऱ्याच्या तोंडून, बर्फाच्या गाडीपाशी. मी सोबत होते. बाबा मासळीवर बर्फ टाकत राहिला, लागतो त्याहून जास्त, आख्खी पाटी पांढरी झाली. संध्याकाळी रामाकाकाला बोलावलं. ओट्यावर दोन ग्लास मांडले, स्टीलचे, वेगवेगळे, मध्ये हातभर जागा. एकात माडी, एकात ताडी. रामाकाका पायरीवर आला, त्यानं ते दोन ग्लास बघितले आणि चप्पल काढता काढता थांबला. बराच वेळ एक चप्पल पायात, एक हातात. मग बसला. ज्यानं त्यानं आपापला ग्लास प्यायला, ओट्यावर पालथा घातला, झालं. एक शब्द नाही. पुढे दोघं लग्नांत भेटायचे, तंबाखू द्यायचे एकमेकांना, बाबाला पहिला खांदा रामाकाकानंच दिला. पण भागी संपलेली ती संपलेली. मी विचारलेलं बाबाला, भांडलास का नाय? तर म्हणाला, "भांडलो असतो तं परत जुळला असता."

रविवार आला. ज्ञानू आली. स्कूटी लावली, पिशवीत बाटल्यांचा आवाज, "काकू, बोंबील वाळले का नाही अजून? मी खायला आलेय," हे सगळं रोजच्यासारखं. आई म्हणाली, "ये गो, ये." मी तिचं तोंड बघत होते. तुम्हाला सांगते, विश्वासघात केलेल्या माणसाचं तोंड वेगळं दिसत नाही. मला वाटायचं दिसत असेल. तीच खळी, तीच केसांची क्लिप, एका बाजूनं तुटलेली.

मी म्हटलं, "मी गेलेले तुमच्याकडे. सरांची पार्टी होती."

ती बाटली काढत होती, ती काढतच राहिली. "कधी? मला बोलली नाहीस."

"वेटरनं स्टोरी सांगितली."

मग ती बसली. खाली बघत म्हणाली, "बुडाले असं मी नव्हतं म्हटलं रुची. देवाशपथ. मी एवढंच म्हटलेलं की ते आता नाहीत. बाकीचं मॅनेजरनं घातलं, लोकांना आवडतं म्हणून."

"आणि 'माझे' कुणी घातलं?"

समुद्राकडून वारं येत होतं आणि बांबूवरचे बोंबील एकमेकांवर आपटून बारीक वाजत होते. ती बोलायला लागली आणि मग थांबेचना. "तुला नाही कळणार गं. मालकांनी विचारलं, तुझी स्टोरी काय. सगळ्यांना विचारतात हल्ली. माझी स्टोरी! आमचं क्वार्टर, त्याच्यासारखीच सगळी क्वार्टरं, पप्पा शिफ्टला जातात, शिफ्टवरून येतात, मम्मी दार उघडते. बीडला गेलं तर तिथली म्हणतात, ही तारापूरची. इथं म्हणतात, ही बीडची. रिटायर झाले पप्पा की ते क्वार्टरपण जाणार. मला ना गाव ना समुद्र. मी म्हणणार होते माझ्या मैत्रिणीचे बाबा. खरंच म्हणणार होते. तोंडातून 'माझे बाबा' आलं. आणि आल्यावर, रुची, मला इतकं बरं वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मग परत घेता येईना." आणि मग मान वर करून, अगदी मनापासून, लहान मूल विचारतं तसं, "आणि तुझ्याकडे तर आहेच ना ते. मी घेतलं म्हणून तुझं कमी झालं का?"

हे वाक्य मी खूप उलटंसुलटं केलंय. त्याला शिवणच नाही. ते तिला खरंच वाटतं. मला सांगायचं होतं, हो, कमी झालं. आता मी डोळे मिटले की वेटर येतो. मला सांगायचं होतं की तू मागितलं असतंस तर मी माझा बाप दिला असता तुला, अर्धा, काढून, सुकटीच्या चटणीसारखा. मला किंचाळायचं होतं, केस ओढायचे होते, त्या क्लिपसकट. आणि ते सगळं घशापर्यंत आलं, आणि तिथं मला बाबा ऐकू आला. भांडलो असतो तं. आणि मला कळलं की आत्ता ठरवायचंय. किंचाळले तर ती रडेल, मी रडेन, आई चहा टाकेल, आणि पुढच्या रविवारी ही परत इथं, आणि आम्ही चांगल्या असू, खरंच चांगल्या, आणि ती माझ्याकडचं अजून थोडं घेऊन जाईल. आणि मला तेही हवं होतं, समजताय ना तुम्ही? मला ती हवी होती. बाबा गेल्यावर ह्या ओट्यावर मांडी घालून बसणारी ती एकटीच होती. एका बाजूला ती, एका बाजूला होडीतला बाबा, आणि दोघांना ठेवायला माझ्याकडे भांडं एकच.

ती म्हणाली, "रागावलीस?"

मी म्हटलं, "नाही गं."

तिचा चेहरा असा सुटला. "मला माहीत होतं. मला किती धाकधूक होती माहितीये? चल, ओतू. तांब्या आण."

मी आत गेले. तांब्या फळीवर होता, खिडकीतून त्याच्या पोटावर उजेड पडलेला. मी त्याच्याशेजारचे दोन स्टीलचे ग्लास घेतले. बाहेर आले, ओट्यावर मांडले, मध्ये हातभर जागा सोडून. एकात कोकमाची ओतली, माझ्यासमोर. एकात काळी, तिच्यासमोर. आईचा हात बोंबलावर होता, तो तिथंच थांबला. तिनं ग्लासांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पदर डोक्यावरून पुढे ओढला, मयताला निघाल्यावर ओढते तसा, आणि काम पुढे सुरू केलं. ज्ञानूची पाठ तिच्याकडे होती.

"आज तांब्या नाही?"

"आज असंच."

"असंच काय, एकटी-एकटी कोण पिणार ही," ती हसली, आणि तिचा हात माझ्या ग्लासाकडे आला, ओतायला, काळी माझ्यात ओतायला, आणि मी माझा ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. आता मला माहितीये तो रामाकाका चप्पल हातात धरून कशाची वाट बघत होता. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून. मीपण पिता पिता वाट बघत होते की हिनं ओळखावं. हिला हा अर्धा मी सांगितलाच नव्हता, तरी हिनं ओळखावं. खारट होती, इतकी खारट की मधेच थांबले तर परत उचलणार नाही हे माहीत होतं, म्हणून थांबले नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खांदे उडवले, आणि चिअर्स म्हणून तिनंही आपली काळी उचलली. हळूहळू, चव घेत, कामावरच्यासारखी. पार शेवटपर्यंत. ग्लासात खाली राहिलेला फेससुद्धा.

"आता सुधारलीये गं ही," म्हणाली. "एकटीपण बरी लागते."

"हो," म्हटलं.

मी माझा ग्लास पालथा घातला. ती मग बोलत बसली, कसलं कसलं, मालक नवी टाकी आणतोय, मम्मी तुझी आठवण काढते, मी हो हो म्हणत होते आणि बघत होते की तिचा ग्लास अजून सरळ आहे. सरळ आहे. आणि मला वाटायला लागलं, नसेल घालत पालथा, तर मग नाही मोडली. रीतीप्रमाणे नाही मोडली. दोघांनी घालायला लागतो. मी अशी त्या ग्लासाला लटकून बसले होते, तुम्हाला खरं वाटणार नाही. मग ती निघाली. उठली, आणि टाउनशिपची मुलगी ना, उषाकाकूंचं वळण, दुसऱ्याच्या घरी उष्टं भांडं ठेवून जायचं नाही. तिनं ग्लास उचलला, नळाखाली धरला, दोनदा विसळला, झटकला, आणि परत येऊन नीट, निथळायला म्हणून, ओट्यावर माझ्या ग्लासाच्या शेजारी पालथा ठेवला.

"येते काकू. पुढच्या रविवारी."

आई म्हणाली, "या." तिला आई कधी या म्हणाली नव्हती. ती हसली, स्कूटी सुरू केली, आणि वळणावर नेहमीसारखा दोनदा हॉर्न दिला.

मग आई झाडू घेऊन आली. ओट्यावरचे खवले झाडले, वाळू झाडली, त्या दोन ग्लासांपाशी आली आणि त्यांच्या कडेकडेनं झाडून पुढे गेली.